दोन भाऊ आणि एक अर्णव

शनिवार पेठेतल्या त्या जिन्यात एका वेळी एकच माणूस मावतो, आणि तोही अंग चोरून चढला तर. उत्कर्षा अर्ध्यावर पोचली तेव्हा वरून एक गादी खाली येत होती. गादीला दोन पाय होते, म्हणजे मागे कोणीतरी असणार. चेहरा मात्र दिसत नव्हता.

"खाली उतरा," गादी म्हणाली.

"तुम्ही वर जा. मी अर्धा जिना चढून आलेय."

"मीही अर्धा उतरून आलोय. शिवाय माझ्या डोक्यावर सात किलो कापूस आहे. तुमच्या हातात काय आहे?"

"स्क्रिप्ट."

गादी थबकली. "हडपसरच्या मंडळाचं? जे परवा येणार होतं?"

"हो… म्हणजे, पहिला प्रवेश आणलाय."

"आणि बाकीचे?"

"सुचतील की."

"सुचतील," असं तो आवाज स्वतःशीच म्हणाला, आणि पावलं उलटी वर जाऊ लागली. उत्कर्षाला हसू आलं. आवाज छान होता… खालच्या पट्टीतला, कोरडा, पण आत कुठेतरी मिस्कील. चेहरा जिना संपल्यावर दिसला. तोही काही वाईट नव्हता.

हा केयूर. वडिलांच्या बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत त्याने ध्वनिमुद्रणाची खोली थाटली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गाद्या लावलेल्या. त्यातली एक ओल धरून बसली, ती पिंजायला न्यायला निघाला आणि जिन्यात उत्कर्षा आडवी आली. श्रावण लागला की त्याच्याकडे गणेशमंडळांची रीघ लागते. कारण जिवंत देखाव्यात माणसं खरी असली तरी आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो. समोर हजार माणसं, वर रस्त्यावरचा गोंगाट. मंडळाची पोरं बिचारी कुठवर ओरडणार? ती नुसते ओठ हलवतात, हातवारे करतात, आणि बोलतो तो स्पीकर.

हडपसरच्या त्या मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव हे उत्कर्षाचे सख्खे काका. दरवर्षी देखावा शहरातला एक जाणता लेखक लिहायचा. यंदा काकांनी बैठकीत पुतणीचं नाव पुढे केलं, तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं होतं, "तिची एक तरी गोष्ट पुरी झालेली दाखवा." बैठक हसली. उत्कर्षाला ते लागलं, कारण खरं होतं. दिवसभर आयटी पार्कातल्या कंपनीत ती अ‍ॅपमधल्या सूचना लिहायची आणि येताजाता बसमध्ये फोनवर कथा. एकेका कथेची सुरुवात अशी की वाचणारा खुर्चीला खिळावा. पुढे तिचं काय व्हायचं ते उत्कर्षालाही ठाऊक नसायचं.

"आराखडा कुठे आहे?" केयूरने पहिला प्रवेश वाचून विचारलं.

"मी आराखडा करत नाही. शेवट मलाच आधी कळला, तर लिहायची मजा काय?"

"तुम्ही रिक्षात बसून 'बघू कुठे जातेय' असं सांगता का?"

"तुम्ही एकदा सांगून बघा ना. सोबत कोण आहे त्यावर असतं."

केयूरने हेडफोन कानावर चढवले. कान लाल झाले होते, ते झाकायला बरे पडले.

गोष्ट साधी होती. दोन जुळे भाऊ, मध्ये वडिलांची एक विहीर, आणि वर्षानुवर्षांचा अबोला. दोन्ही भाऊ अर्णवच करणार होता. अर्णव म्हणजे मंडळाचा देखणा गडी. लाल फेटा घातला की थोरला, विहिरीमागे जाऊन पिवळा घातला की धाकटा. काकांना ही कल्पना इतकी आवडली की गोष्ट पुरी व्हायच्या आधीच चौकात फ्लेक्स लागला. त्यावर अर्णव दोन फेट्यांत, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'दुहेरी भूमिका'.

उत्कर्षा आठवड्यातून दोनदा यायची आणि एकेक प्रवेश आणायची. तो आला की लगेच रेकॉर्ड व्हायचा. दोन्ही भावांचे आवाज बाळकाकांचे. उभं आयुष्य नाटकात काढलेला माणूस. थोरला जाड घशाने, धाकटा जरा नाकात. केयूर काचेपलीकडून बघायचा, उत्कर्षा त्याच्याकडे बघायची, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. शेवटचा प्रवेश झाला त्या दिवशी बाळकाकांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी ते मुलाकडे मेलबर्नला गेले.

ते गेले त्या संध्याकाळी खाली अमृततुल्यात चहा घेताना उत्कर्षा म्हणाली, "केयूर, मला ना… तुला एक…"

"काय?"

रस्त्यावरून ढोलपथकाच्या सरावाचा आवाज येत होता. केयूर कप हातात धरून थांबला होता, अगदी नीट थांबला होता, आणि तेच तिला झेपलं नाही. पुढचं वाक्य काय, ते कुठे नेऊन ठेवेल, काहीच ठरलेलं नव्हतं.

"काही नाही. बघू नंतर."

"तुझं हे असंच," तो हसत म्हणाला. "सुरुवात झकास."

हसत म्हणाला खरा, पण तिने उरलेला चहा तसाच ठेवला.

गणपती बसले. देखावा तिसऱ्या दिवशी खुला व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात पहिली पूर्ण तालीम झाली. प्लायवूडची विहीर उभी राहिली होती, दगड रंगवलेले, वर रहाट. अर्णव विहिरीमागून फेटे बदलत झकास ये-जा करत होता. आईचं काम करणाऱ्या दीपालीताईही मनापासून ओठ हलवत होत्या. मग शेवटचा प्रवेश सुरू झाला. स्पीकरमधून थोरला म्हणाला, "चुकलं माझं. ये, जवळ ये." धाकटा म्हणाला, "दादा…" आणि मागे सनई लागली. आता मिठी.

अर्णव लाल फेट्यात दोन्ही हात पसरून उभा होता. समोर कोणी नव्हतं. असणार कोण? धाकटाही तोच. सनई वाजत राहिली, अर्णवने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हळूच हात खाली घेतले. पाठीमागे एकजण फिसकन हसला.

लिहिताना उत्कर्षाला दोन भाऊ दिसले होते. रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज ऐकू आले होते. अर्णव एकच आहे, हे इतक्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"पोरी," काका सावकाश म्हणाले, "ह्यानं आता मिठी मारायची कुनाला? खांबाला?"

"काका, पाठमोरा दुसरा कोणी उभा केला तर…"

"फ्लेक्सवर ह्याचं त्वांड हाय. समदं गावठाण ह्याला पाठीवरनं बी वळखतंय. हसं हुईल." ते खुर्चीत बसले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "मागल्या सालचा देखावा हाय आपल्याकडं, समद्यांला पाठ बी हाय. उद्या दुपारपतूर तुझं जमलं तर जमलं. न्हायतर तोच लावू. मी बैठकीत तुझ्यासाठी शब्द टाकला हुता, एवढं ध्यानात ठेव."

ती तिथून थेट शनिवार पेठेत आली. रिमझिम लागून राहिली होती. जिना चढताना तिच्या मनात एकच होतं. हे आज झालं नाही, तर आपण पुन्हा लिहायचं नाही. अ‍ॅपमधल्या सूचना लिहायच्या आणि गप्प बसायचं.

केयूर दारातच उभा होता. अर्णवने फोन केला असावा.

"तू इतके दिवस ऐकत होतास," ती ओली छत्री आपटत म्हणाली, "तुला नाही दिसलं?"

"मला आवाज कळतात. माणसं मंडळ उभी करतं."

"म्हण ना मग. 'मी पहिल्याच दिवशी आराखडा मागितला होता,' म्हण एकदा, मोकळा हो."

"म्हणणार होतो," तो म्हणाला. "जिन्यात तुझी पावलं ऐकली आणि राहिलं."

तिने छत्री कोपऱ्यात ठेवली. रडू येतंय असं वाटलं, पण रडायलाही वेळ नव्हता.

"बाळकाका तिकडून फोनवर बोलून पाठवतील?"

"पाठवतील, पण तो आवाज आणि हा आवाज जुळणार नाही. सगळ्यांना कळेल. आहे त्यात भागवायचं. नवा शब्द एकही नाही."

"म्हणजे मी लिहायचं नाही?"

"नाही. फक्त ठरवायचं. चप्पल दे."

"काय?"

"एक चप्पल दे तुझी. डावी, उजवी, कुठलीही."

त्याने तिची कोल्हापुरी जाजमाच्या मधोमध ठेवली. "हा अर्णव. एकच आहे, हे आता विसरायचं नाही." मग माईकच्या तोंडावर घालायचे स्पंजचे दोन टोप आणले, एक लाल, एक पिवळा. लाल टोप चपलेवर ठेवला की थोरला, पिवळा ठेवला की धाकटा. फराळाचा रिकामा डबा ही विहीर. चहाचा पेला ही आई.

"आता पहिल्या प्रवेशापासून चालव."

उत्कर्षा एका पायात चप्पल घालून जाजमावर बसली आणि गोष्ट चालवू लागली. लाल येतो, जातो. पिवळा येतो. आई बोलते. स्वतःचीच गोष्ट अशी वरून बघताना तिला चमत्कारिक वाटत होतं. दुसरा प्रवेश म्हणजे तर पुन्हा पहिलाच होता, नुसते शब्द निराळे. तिसऱ्यात आई इतकं काही बोलत होती आणि त्याचा पुढे कुणाला उपयोगच नव्हता. लिहिताना हे सगळं किती वाहतं वाटलं होतं.

"शेवटी तुला काय हवंय?" केयूरने विचारलं.

"मिठी."

"ती मिळणार नाही. मिठीत काय असतं?"

"तुला माहीत नाही?" ती नकळत बोलून गेली.

"पुस्तकी ज्ञान आहे," तो डब्याकडे बघत म्हणाला. "सांग."

"एकमेकांना धरणं. सोडायचं नाही म्हणून धरणं…"

ती बोलता बोलता थांबली. चप्पल डब्याशेजारी होती, वर लाल टोप. थोरला विहिरीवर उभा. मग धाकटा कुठे असेल? घरी नाही, शेतात नाही. कुठे असला म्हणजे तो दिसणार नाही, पण असेल? पत्र्यावर पावसाचे थेंब वाजत होते. उत्कर्षाने पिवळा टोप उचलला आणि हळूच डब्यात टाकला.

"मारलास?"

"मारीन कशाला? उतरलाय. गाळ काढायला." ती डब्यावर वाकली. "केयूर, आत असलेल्या माणसाचा फक्त आवाज येईल. चेहरा लागणारच नाही."

"आवाज मी घुमवून देतो. पण मिठी?"

"हात. शेवटी विहिरीतून एक हात वर येतो आणि थोरला तो धरतो. हात कोणाचाही चालेल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग एकदमच कामाला लागले.

शेवट हातात आला आणि मागचं सगळं आपोआप जाब देऊ लागलं. धाकटा एकटाच का उतरला? कारण थोरल्याने दोर धरायला नकार दिला. तो नकार कुठे आहे? चौथ्या प्रवेशात, उगाच रागाच्या भरात, "तुझ्यासाठी मी दोर धरणार नाही." तो उचलून पहिल्यात आणला. आईचं तिसऱ्यातलं वाया गेलेलं बोलणं, "एकाने उतरायचं, एकाने दोर धरायचा; तुमच्या आबांच्या वेळेला असंच होतं," ते अगदी सुरुवातीला बसलं. बसलं म्हणजे असं, की जणू तिथेच लिहिलं होतं. दुसरा प्रवेश सबंध कापला. कापताना उत्कर्षाला वाईट वाटेल असं केयूरला वाटलं होतं. तिने चहा मागितला.

तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. शेवट माहीत होता, तरी छातीत धडधड कमी झाली नव्हती. उलट वाढली होती. आधी नुसतं पुढे काय होईल याचं कुतूहल असायचं. आता जे होणार ते ठाऊक होतं, आणि त्या माणसांना ते अजून कळलेलं नाही म्हणून जीव तुटत होता. ती इतकी वर्षं ज्याला घाबरून पळत होती, ते हेच होतं.

एक वाक्य मात्र कुठेच बसेना. धाकट्याचं होतं, "दादा, एवढा उशीर का केलास?" मूळ जागा गेली होती, आणि ते जाजमावर उरलं होतं.

"टाकून देऊ?" केयूर म्हणाला.

"थांब." तिने डब्यावर बोट ठेवलं. "सगळ्यात शेवटी. आतून. हात वर यायच्या आधी."

केयूरने ते लावून ऐकवलं. बाळकाकांचा आवाज खोल विहिरीतून आला. उत्कर्षाला वाटलं, तो आता काहीतरी बोलेल. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि तिची चप्पल उचलून नीट तिच्या पायाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी नवा ट्रॅक ऐकला, डोळे मिटून. संपल्यावर म्हणाले, "ऐकायला झ्याक हाय. पर लोकं हसली म्हंजी?"

अडचण आणखी एक निघाली. हात वर यायचा तो आवाजाच्या नेमक्या क्षणी. मंडळाच्या पोरांना ते साधेना. हात कधी आधी यायचा, कधी सनई संपल्यावर. शेवटी केयूरच विहिरीत उतरला, कारण ट्रॅक त्याच्या रक्तात भिनला होता. आणि आतून दोराला हिसके द्यायला, बादली वर पाठवायला दुसरं माणूस हवं होतं, म्हणून उत्कर्षा.

संध्याकाळी मांडवासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. प्लायवूडच्या विहिरीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. रंगाचा वास, अंधार, वर गोल फट, आणि केयूरच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत चिखल. बाहेर लोक काय करतायत ते दिसत नव्हतं. पहिल्या प्रवेशात कोणीतरी खोकलं. फेटे बदलताना टाळ्या पडल्या. मग सगळं शांत झालं. ही शांतता चांगली की वाईट, ते आतून कळेना.

"हसले तर?" ती कुजबुजली.

"तर आपण बाहेरच यायचं नाही. विसर्जनापर्यंत."

तिने दोराला हिसका दिला. वर अर्णवची पावलं वाजली. शेवटचा प्रवेश सुरू झाला होता. थोरला विहिरीच्या काठावर आला होता, आणि उत्कर्षाच्या लक्षात आलं की आपण लोकांना नाही, शेजारी बसलेल्यालाच घाबरतोय. या वेळी मात्र वाक्य कुठे जाऊन थांबणार ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"त्या दिवशी चहा घेताना एक वाक्य अर्धं राहिलं होतं," ती म्हणाली. "पुरं करते. मला तू आवडतोस. खूप."

केयूर तिच्याकडे बघत राहिला. अंधारात त्याचे डोळे तेवढे दिसत होते. त्याचे ओठ हलले, आणि नेमका वर स्पीकर बोलला, "चुकलं माझं. ये, जवळ ये." आता हाताची वेळ अगदी जवळ आली होती. त्याने मान वर केली. उत्कर्षाचा जीव टांगणीला लागला. देखाव्यासाठी की उत्तरासाठी, हे तिला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

"दादा, एवढा उशीर का केलास?"

केयूरचा चिखलाने माखलेला हात सावकाश वर गेला. काठाच्या वर, उजेडात. क्षणभर तो तिथे एकटाच होता. मग अर्णवचा हात आला आणि त्याने तो घट्ट धरला. सनई लागली, दिवे गेले.

कोणी हसलं नाही. काहीच झालं नाही. मग पुढे कुठेतरी एका बाईचा हुंदका ऐकू आला आणि त्याच्या मागून टाळ्या, अशा की प्लायवूड थरथरलं. काकांचा आवाज त्यातूनही वेगळा कळत होता, "माझी पुतनी हाय ती! सर्जेरावाची!"

उत्कर्षाने डोळे पुसले. केयूरने हात खाली घेतला आणि तो चिखलासकट तिच्या हातात ठेवला.

"तू का केलास उशीर?" तिने विचारलं.

"आराखडा करत होतो."

"इतके दिवस?"

"शेवट पहिल्या दिवशीच ठरला होता, जिन्यात. गादी डोक्यावर होती तेव्हाच," तो म्हणाला. "सुरुवात सुचत नव्हती."

बाहेरून कोणीतरी विहिरीवर टकटक केली. "आत कोन हाय रं अजून? भाईर या, च्या आलाय."

"नको," उत्कर्षा आतूनच म्हणाली. "पुढचा खेळ आत्ता सुरू होईल. आम्ही इथेच बसतो."